पहिला घोडा घेताना: मारवाडी, काठियावाडी की भीमथडी?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी दौंड तालुक्यातला शेतकरी. वय ४३, वजन ६८ किलो. ऊस, थोडी ज्वारी आणि गोठ्यात गाई. पुण्यातल्या एका रायडिंग क्लबात सुट्टीच्या दिवशी जाऊन वर्षभर शिकलो. साधी चाल आणि दुडकी जमते, कँटर (दुडकीच्या पुढची संथ दौड) नुकता कुठे जमायला लागलाय. आता स्वतःचा घोडा घ्यायचा आहे. सकाळी माळावर तास-दीड तास फिरावं, बारा वर्षांच्या मुलीनं (वजन ३४ किलो) शिकावं आणि पुढेमागे जमलं तर लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धेत उतरावं, अशी इच्छा आहे. कमरेचा थोडा त्रास आहे. मामांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे तीन वर्षांचा काळा मारवाडी अंडील (खच्ची न केलेला घोडा) आहे. कानाला कान टेकतो, ढोलावर नाचतोही. दुसरीकडे एक मित्र रेसमधून काढलेला थरोब्रेड फुकट देतो म्हणतो. आई म्हणते, पंचकल्याणी आणि देवमण असलेलाच आणा. यंदा सारंगखेड्याच्या यात्रेलाही जाणार आहे. सगळ्यांत चांगली जात कोणती, ते एकदा स्पष्ट सांगा.

एक वाचक, दौंड

उत्तर

दादा, नमस्कार.

वय, वजन, काय जमतं, काय करायचंय, कंबर दुखते हेसुद्धा तुम्ही लिहिलंत, त्यामुळे मोकळेपणानं उत्तर देता येतंय. स्पष्ट विचारलंत, तर स्पष्टच सांगते. तो काळा अंडील घेऊ नका. फुकटचा थरोब्रेडही नको. आठ ते बारा वर्षांची, रोज पाठीवर माणूस घेऊन बाहेर पडायची सवय असलेली शांत घोडी किंवा खच्ची केलेला घोडा शोधा. उंची ५८ ते ६० इंच. तो काठियावाडी निघाला तर उत्तम, मारवाडी निघाला तरी चालेल आणि दोन्हींचा मिश्र असला तरी माझी काही हरकत नाही.

जात मी शेवटी घेतली हे तुमच्या लक्षात आलं असेल. माथेरानला गेला असाल तर आठवून बघा. तिथे मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे आयुष्यात कधी घोड्यावर न बसलेली माणसं, घाबरलेली पोरं, अवघडून बसलेल्या आजी, सगळ्यांना पाठीवर घेऊन ते घोडे लाल मातीच्या वाटांवरून दिवसभर ये-जा करतात. त्यातले बहुतेक सरमिसळ रक्ताचे. त्यांची जात कुणी विचारत नाही. पण लगाम चुकून ओढला गेला, टाच उगाच लागली, पाठीवरचं माणूस एका बाजूला कललं, तरी ते बिथरत नाहीत, कारण हे सगळं त्यांनी हजार वेळा सोसलेलं असतं. नवशिक्या स्वाराला घोड्यात हवं असतं ते हे. ते वयानं आणि कामानं येतं, रक्तातून फार थोडं येतं. जातीचा विचार करायचाच, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, पण वय, शिकवण आणि स्वभाव या तिन्हींची खात्री पटल्यावर.

आता तो काळा अंडील. मामांनी प्रेमापोटीच सुचवला असणार, आणि तो दिसायला देखणा असणार यातही शंका नाही. पण त्याचं तोंड उघडून बघा. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीनं पडतात: मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. तीन वर्षांच्या घोड्याच्या तोंडात मधे दोन-दोन मोठे, पिवळसर, नवे दात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक, पांढरेशुभ्र दुधाचे दात दिसतील. हे पोर आहे हो अजून! पाठीच्या मणक्याची हाडं पक्की व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. शहाणा शिकवणारा तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्यावर हलकं खोगीर चढवतो, थोडा वेळ चालवतो आणि सोडून देतो. तास-दीड तास पाठीवर बसून फिरायचं हे त्याचं वय नव्हे. आणि त्याला शिकवायचं कुणी? ज्याला कँटरमध्ये स्वतःचा तोल नुकता सापडायला लागलाय, त्यानं? दोघंही नवशिके असले की एकाची भीती दुसऱ्यात उतरते. स्वार घाबरून लगाम आवळतो, घोड्याचं तोंड दुखतं, तो मान वर फेकतो, स्वार आणखी आवळतो, आणि घोडा चौखूर उधळतो. असे अपघात मी पाहिले आहेत, म्हणून हे इतक्या कळकळीनं लिहिते आहे.

त्यात तो अंडील. आपल्याकडे घोडा खच्ची करायला लोक तयार होत नाहीत, रुबाब जातो म्हणतात. पण अंडील घोड्याला वाऱ्यावर लांबच्या घोडीचा वास आला की पाठीवर कोण बसलंय याचं त्याला भान उरत नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात असा घोडा द्यायचा नाही. खच्ची केलेला घोडा वर्षभर सारख्याच स्वभावाचा राहतो. घोडी माजावर येण्याच्या दिवसांत, साधारण दर एकवीस दिवसांनी, थोडी चिडचिडी होते, काही तर कुशीला हात लावू देत नाहीत. पण ते सांभाळता येतं, आणि आपल्या बाजारात खच्ची केलेले घोडे कमी येत असल्यानं तुम्हाला बहुधा घोडीच मिळेल.

आणि नाच. ढोलाच्या तालावर घोडा पाय उचलतो तो आनंदानं उचलतो असं बघणाऱ्याला वाटतं. बऱ्याच घोड्यांना हे शिकवताना तोंडात कडक लगाम घालून ती ओढून धरतात आणि त्याच वेळी पायांवर काठीनं टोचत राहतात. पुढे जायला वाव नाही, मागे काठी, म्हणून तो जागच्या जागी वर उसळतो. काही ठिकाणी अजून काटेरी लगाम वापरतात. भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामीला बंदी आहे. अशा घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यात आणि जिभेवर जुने वण सापडतात, ओठ हळूच मागे सारून पाहा. तुमच्या दृष्टीनं अडचण अशी की, लगाम जरा ताणली गेली की या घोड्याला पुढचे पाय उचलायचे एवढंच ठाऊक असतं. गावात लग्नाची वरात समोर आली, डीजे वाजला आणि मुलगी पाठीवर असली तर काय होईल याचा विचार करा.

थरोब्रेडबद्दल आधी चांगलं सांगते, कारण हा घोडा मला मनापासून आवडतो. धावण्यासाठी माणसानं घडवलेला इतका नेटका प्राणी दुसरा नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आणलेल्या तीन पूर्वेकडच्या नरांपर्यंत आजच्या सगळ्या थरोब्रेडची नरवंशावळ जाते. ६४ इंचांच्या आसपास उंची, पाचशे किलोच्या घरात वजन, म्हणजे तुमचं ओझं त्याला सहज पेलेल. रेसमधून निवृत्त झालेला घोडा चांगल्या शिकवणाऱ्याच्या हाती पडला तर उड्यांच्या स्पर्धेत, ड्रेसाजमध्ये (ठरवून दिलेल्या डौलदार चालींच्या स्पर्धेत) सुरेख काम करतो, आणि अशा घोड्यांना घर मिळायलाच हवं.

पण ते घर आज तुमचं नाही. दुसऱ्या वर्षापासून त्याला जे शिकवलेलं असतं ते तुमच्या शिकण्याच्या उलट असतं. जॉकीनं लगाम घट्ट धरली की तिच्यावर रेलून आणखी जोरात पळायचं. तुम्ही घाबरून लगाम धराल थांबवण्यासाठी, त्याला समजेल पळ. हे मोडून नवं शिकवायला जाणकार माणसाचे कित्येक महिने जातात. शिवाय रेसच्या खुराकावर वाढलेल्या घोड्यांत पोटात व्रण असणं सर्रास आढळतं, आणि पुढच्या पायाच्या नळीच्या हाडामागची शीर (कंडरा) ताणलेली असली तर ती पुन्हा कधी दगा देईल सांगता येत नाही. हात फिरवून बघा, दोन्ही पायांच्या शिरा सारख्या सरळ लागल्या पाहिजेत. एक धनुष्यासारखी फुगीर लागली तर ती ताणलेली आहे असं समजा. कातडी पातळ, खुराचा तळ पातळ, खुराक जास्त. मित्राला सांगा, पुण्या-मुंबईत थरोब्रेड नव्यानं शिकवणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे हा घोडा द्यावा. फुकट मिळालेला घोडा सांभाळायला विकतच्या घोड्याइतकाच खर्च येतो.

आता जातींकडे येऊ, तुमची खरी उत्सुकता तिथेच आहे.

काठियावाडी हा सौराष्ट्राचा घोडा. उंची साधारण ५८ इंच, अंग सुटसुटीत, कान आत वळलेले, पुष्कळांच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा असतो. कोरडी हवा, ऊन, दगडाळ जमीन, कमी चारा यांवरच तो घडला आहे. गुजरात पोलिसांच्या अश्वदलात तो आहे, म्हणजे गर्दी-गोंगाटात काम करण्याइतका तो शिकतो हे सिद्धच आहे. दौंडचा उन्हाळा आणि माळरान त्याला परकं वाटणार नाही. तुम्हाला लांब पल्ला गाठायचाय ना? एन्ड्युरन्समध्ये वेगापेक्षा घोडा किती लवकर शांत होतो याला महत्त्व असतं. टप्पा संपला की पशुवैद्यक नाडी मोजतात, ती ठरलेल्या वेळात मिनिटाला ६४ च्या आत आली नाही तर घोडा तिथेच बाद. विश्रांतीत घोड्याची नाडी २८ ते ४४ असते, यावरून अंदाज करा. हलक्या, सडसडीत अंगाचे घोडे अंगातली उष्णता चटकन बाहेर टाकतात, म्हणून जगभर या खेळात अरबी घोडे पुढे असतात. आपल्याकडे काठियावाडी आणि मारवाडी त्याच बांध्याचे आहेत.

मारवाडी जरा उंच, जास्त तापट, जास्त जाणता. कानांची टोकं एकमेकांना टेकतात ती शोभा आहेच, पण मला त्याचं खरं वैशिष्ट्य वाटतं ते पाठीवरच्या माणसाची बारीकशी हालचाल टिपण्याची त्याची ताकद. चांगल्या स्वाराला हे वरदान आहे. नवशिक्याच्या प्रत्येक चुकीलाही तो तितकाच लगेच उत्तर देतो, म्हणून मारवाडी घेतलाच तर वयस्कर आणि मुरलेलाच घ्या. बाजारात सध्या सगळी हाव उंचीची आणि कानांची आहे. व्यापारी ६४ इंच, ६६ इंच असे आकडे ओरडून सांगतात. नुसत्या उंचीसाठी वाढवलेल्या घोड्यांत कधीकधी पाय लांब आणि गुडघ्याखालची नळी बारीक असते. रोज माळावर हिंडायचं तर नळी भरीव आणि खूर टणक हवेत, कानांची टोकं एक इंच दूर राहिली तरी काही बिघडत नाही.

तुमच्या कमरेसाठी एक गोष्ट मुद्दाम विचारा: घोडा रवाळ चालतो का? मारवाडी, काठियावाडी आणि कच्छी-सिंधी यांच्यातल्या काही घोड्यांना ही चाल असते. दुडकीत घोडा कर्णातले दोन पाय एकदम टाकतो आणि स्वाराला दर पावलाला हिसका बसतो. रवाळ चालीत पाय एकामागोमाग पडतात, स्वार जागचा हलत नाही. पाण्यानं भरलेला पेला हातात धरून चालवून दाखवणारे हौशी लोक जत्रेत भेटतील. कच्छी-सिंधी घोडा यासाठीच नावाजलेला आहे, शिवाय तो स्वभावानं जरा सौम्य. मिळाला तर जरूर बघा. मात्र मुलीचं शिक्षण फक्त रवाळ घोड्यावर झालं तर दुडकीत उठ-बस करायचं तिच्या अंगवळणी पडणार नाही, आणि पुढे क्लबात उड्या शिकायला गेली की अडेल. म्हणून तिचा क्लब बंद करू नका.

नुकरा नको. पांढराशुभ्र रंग आणि गुलाबी कातडी आपल्या उन्हात भाजते, आणि बाजारात येणारे बरेचसे नुकरे वरातीसाठी तयार केलेले असतात. वॉर्मब्लडचा, म्हणजे खेळांसाठी पैदा केलेल्या थोराड परदेशी घोड्यांचा, विचार करण्याचं तुम्हाला कारणच नाही.

आणि भीमथडी. तुम्ही भीमेच्या खोऱ्यात राहता आणि तुमच्या पत्रात त्याचं नाव नाही, याचं मला वाईट वाटलं. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा असलेलं हे तट्टू आज मुख्यतः धनगर बांधवांच्या वाड्यांबरोबर दिसतं. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात मेंढरांच्या कळपामागे चालणारी, पाठीवर भांडी, अंथरुणं, कोंबड्यांची डालगी, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू लादलेली ती लहानखुरी तट्टं तुम्ही शेकडो वेळा पाहिली असतील. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडेच ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. उंची १३० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ५१ इंच. वर्षानुवर्षं पायी स्थलांतर करून टिकलेली ही जात आहे, खूर दगडासारखे, पोटाला जे मिळेल त्यावर भागवणारी. तुम्हाला ते लहान पडेल. मुलीला मात्र आज अगदी बेताचं आहे, आणि घोडा एकटा ठेवायचा नसतो हा मुद्दाही आहेच. तो कळपातला प्राणी आहे, एकटा पडला की कुढतो, दावणीला लाकूड चावत बसतो. गोठ्यातल्या गाईंची सोबत काही प्रमाणात चालते, पण दुसरा घोडा किंवा तट्टू सोबतीला मिळालं तर घोडा कितीतरी शांत राहतो. म्हणून घोडी रुळल्यावर, सहा-आठ महिन्यांनी, एखादं वयानं पोक्त भीमथडी तट्टू आणता आलं तर पाहा. ओझं वाहणाऱ्या तट्टाला माणूस पाठीवर घ्यायची सवय असतेच असं नाही, ती लावावी लागेल. तुमच्यासारख्या चार शेतकऱ्यांनी दारात भीमथडी बांधली तर ती जात टिकेल, असंही मला मनापासून वाटतं.

ओझ्याचा हिशेब करून घ्या. स्वार, खोगीर आणि बाकीचा सरंजाम मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, लांब पल्ल्याला त्याहून कमीच बरं. तुम्ही ६८, खोगीर ८, म्हणजे ७६ किलो. तुम्हाला ३८० किलोचा घोडा हवा. वजनकाटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८०. घेर १७० आणि लांबी १५७ असेल तर उत्तर ३८२ किलो येतं, म्हणजे तुमचं काम झालं. हेच माप घेऊन भीमथडी तट्टू २३० किलोचं भरलं तर त्याच्यावर ४६ किलो चालतील. मुलगी ३४ आणि लहान खोगीर ५, आज बसतंय. दोन-तीन वर्षांत ती वाढेल, तेव्हा ती तुमच्या घोडीवर येईल आणि तट्टू सोबतीला राहील.

आईंचं मन मोडू नका. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरं, आणि गळ्यावर देवमणाचा भोवरा, याला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मान आहे. आईंना एवढंच सांगा की आधी स्वभाव आणि पाय बघू, सारख्या चांगल्या दोन घोड्या मिळाल्या तर त्यातली देवमण असलेली आणू. फक्त या खुणांसाठी बाजारात भाव दुपटीनं चढवतात, आणि पांढऱ्या पायांची गुलाबी कातडी पावसाळ्यात चिखलानं चटकन फुटते हे ध्यानात ठेवा.

सारंगखेड्याला जरूर जा. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ती यात्रा एकदा तरी बघावी, एका जागी इतके घोडे दुसरीकडे क्वचित पाहायला मिळतात. पण पहिल्या फेरीत पैसे घरी ठेवा. नुसते बघा, हात फिरवा, दात बघा, मापं घ्या, वहीत लिहा. अकलूजचा बाजार आणि नांदेडच्या माळेगावची खंडोबाची यात्रा आहेच. खरं सांगायचं तर पहिला घोडा जत्रेत घेऊच नये. तिथे घोडा नव्या गोंधळात असतो, कधी सकाळीच पळवून दमवलेला असतो, कधी गुंगीचं किंवा वेदनाशामक इंजेक्शन दिलेलं असतं आणि दोन दिवसांनी घरी त्याचा खरा स्वभाव आणि खरा लंगडेपणा बाहेर येतो. पसंत पडला तर मालकाचं गाव विचारा आणि नंतर त्याच्या दारात जा, शक्यतो न कळवता, सकाळी, घोडा दावणीला असताना.

तिथे काय बघायचं? तुम्ही जवळ जाताना त्याचे कान कुठे जातात ते बघा. पुढे आले तर कुतूहल आहे, मानेला चिकटले तर मागे फिरा. चारही पाय एकेक उचलून घ्या, नालबंदाला देतो तसे देतो का. खोगीर कसताना चावायला येतो का. आधी मालकालाच बसायला सांगा. तोच टाळाटाळ करायला लागला तर पुढे काही विचारायची गरज नाही. मग टणक जमिनीवर कुणाला तरी लगाम सैल धरून तो सरळ दुडकीनं पळवायला सांगा आणि तुम्ही समोरून बघा. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना मान वर उचलली जाते. शेवटी तुमच्या रोजच्या जगातून त्याला चालवा. तुमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या हॉर्न वाजवत जातात; त्यांच्याजवळून तो शांतपणे गेला तर निम्मी परीक्षा पास. हे सगळं बघायला क्लबातल्या तुमच्या शिकवणाऱ्याला सोबत न्या आणि त्यांना आधी बसू द्या.

व्यवहार पक्का करण्याआधी घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडून तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या. ग्लँडर्सची चाचणी नकारात्मक आल्याशिवाय घोडा गाडीत चढवू नका. हा आजार माणसालाही होतो, त्यावर घोड्याला उपचार करत नाहीत, कायद्यानं त्याची नोंद सरकारकडे द्यावी लागते आणि घोडा मारावा लागतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या चाचण्यांचं मुख्य ठिकाण आहे, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी नमुना कसा पाठवायचा ते सांगतील.

घरच्या चाऱ्याबद्दल सावध करते, कारण तुमच्याकडे ऊस, ज्वारी आणि गाई तिन्ही आहेत आणि तिन्ही गोष्टी घोड्याला बाधू शकतात. हिरवी ज्वारी घोड्याला देऊ नका, तिनं मूत्राशय आणि मागचे पाय कमजोर होतात. उसाचं वाढं हा मुख्य चारा होऊ देऊ नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यावर गव्हाचा कोंडा भरपूर घातला तर हाडं आणखी ठिसूळ होतात. गाईंच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं, ते घोड्याच्या हृदयाला थेट विष आहे, म्हणून दोन्ही खाद्यांची पोती वेगळ्या खोलीत ठेवा आणि गड्यालाही समजावून सांगा. तुमच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो चांगलं सुकं गवत लागेल, ते दिवसभरात थोडं थोडं, जोडीला थोडा लसूणघास, काम वाढलं तर भिजवलेला हरभरा किंवा ओट. घोड्याला उलटी करता येत नाही, बुरशी लागलेला चारा पोटात गेला की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडे दगावतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, वर्षाला धनुर्वाताची लस. तुमच्या भागात चांगला नालबंद कोण आहे, हे घोडा घेण्याआधी शोधून ठेवा.

मुलीसाठी घोड्याआधी हेल्मेट घ्या, आणि तुम्हीही घाला, म्हणजे तिला सांगावं लागणार नाही. तिला बाजारात बरोबर न्या. मापं तिला लिहू द्या, खरारा तिला करू द्या, खूर साफ करायला शिकू द्या. फक्त निवड करण्याचा दिवस वेगळा ठेवा, कारण मुलं पहिल्या नजरेत जीव लावतात आणि मग चुकीच्या घोड्याला नाही म्हणणं बापाला जमत नाही.

घोडी पसंत पडली की छातीचा घेर, लांबी, उंची, पुढून आणि बाजूनं काढलेले फोटो आणि दुडकीचा छोटा व्हिडिओ मला पाठवा. दातांचाही एक फोटो काढा, ओठ दोन्ही बाजूंनी उचलून, उजेडात.